लॅपटॉपचे शून्य

पावसाळा रंगात आला की भुसावळजवळच्या हतनूर धरणाची पातळी वर्तमानपत्रात येऊ लागते. जलाशय पूर्ण भरला की ती २१४ मीटर होते. म्हणून तापीच्या पात्रात २१४ मीटर खोल पाणी आहे असे कुणी समजत नाही. हा आकडा समुद्रसपाटीपासून मोजलेला असतो. त्याचे शून्य धरणापासून शेकडो किलोमीटर लांब, किनाऱ्यावर असते. उद्या कुणी हे शून्य धरणाच्या पायथ्याशी आणून ठेवले तर आकडा एकदम खाली येईल, पाणी मात्र थेंबभरही हलणार नाही.

व्होल्टेजचेही असेच आहे. तारेत २३० व्होल्ट आहेत असे म्हणताना ‘कशाच्या मानाने’ हा अर्धा भाग बोलायचा राहून जातो. घरातल्या फेजचे २३० व्होल्ट न्यूट्रलच्या मानाने असतात, पंपाच्या दोन फेजांमधले ४०० ते ४१५ व्होल्ट एकमेकींच्या मानाने, आणि टॉर्चमधल्या सेलचे दीड व्होल्ट त्याच्याच दुसऱ्या टोकाच्या मानाने. वायरमनच्या पिशवीतला मल्टिमीटर हे शून्य प्रत्येक वेळी नव्याने निवडू देतो. काळी प्रोब जिथे टेकेल तिथे शून्य. त्याच्या पोटात छोटी बॅटरी, अंगावर प्लास्टिक आणि जमिनीशी काडीचाही संबंध नाही. लॅपटॉपला जोडलेले मापनयंत्र मात्र स्वतःचे शून्य बरोबर घेऊन येते.

ते शून्य कुठून येते, हे तारेच्या मागे मागे गेले की कळते. यूएसबी ऑसिलोस्कोपच्या प्रोबला एक टोक असते आणि एक काळी क्लिप. ही क्लिप सॉकेटच्या धातूच्या कड्याला जोडलेली, कडे आतल्या सर्किटच्या ग्राउंडला, ग्राउंड यूएसबी केबलमधून लॅपटॉपच्या सांगाड्याला. चार्जर थ्री-पिन असेल तर बहुतेक वेळा सांगाड्यापासून ही वाट चार्जरच्या तिसऱ्या पिनेपर्यंत आणि तिथून इमारतीच्या अर्थिंगच्या खड्ड्यात उतरते. हातातली निरुपद्रवी दिसणारी काळी क्लिप म्हणजे त्या खड्ड्यातून वर आलेल्या तारेचे टोक असते.

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी हा प्रश्न थोड्यांपुरता होता, कारण लॅपटॉपने व्होल्टेज मोजणारेच थोडे होते. आता तसे राहिलेले नाही. दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सेलरेटर सेंटरने २००४ मध्ये फिनिक्स प्रकल्प सुरू केला. त्यातून पुढे एक्स्पआईज हे तळहाताएवढे उपकरण आले आणि संगणकाच्या यूएसबी पोर्टवर भौतिकशास्त्राची अख्खी प्रयोगशाळा उभी राहू लागली. आर्डुइनो हा छोटा सर्किट-बोर्ड तर अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याच्या दप्तरातच असतो. जळगाव, धुळे, शिरपूर या पट्ट्यात अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, आणि मोजण्यासारख्या गोष्टींची तर रेलचेल आहे: विहिरीवरचे पंप, सौर पॅनल, ठिबकच्या टाक्या, जळगावच्या एमआयडीसीतली चटईची यंत्रे.

एक्स्पआईज-१७ च्या मुख्य दोन इनपुटांची मर्यादा अधिक-उणे १६ व्होल्ट आहे, आर्डुइनो उनोची ५ व्होल्ट. मर्यादा ओलांडू नये हे विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी सांगितले जाते. काळ्या तारेबद्दल सहसा कुणी बोलत नाही.

समजा, पंपाच्या स्टार्टरमधल्या दोन फेजांमधले व्होल्टेज लॅपटॉपच्या पडद्यावर पाहायचे आहे. व्होल्टेजचा विचार करून शंभरपट कमी करणारी प्रोबही आणली आहे. टोक एका फेजवर ठेवले आणि क्लिप दुसऱ्या फेजवर लावली. मल्टिमीटरने रोज हेच केले जाते, त्यामुळे हाताला सवय झालेली असते. इथे मात्र क्लिप लागताक्षणी फेजला अर्थिंगची थेट वाट मिळते आणि ती वाट लॅपटॉपच्या मदरबोर्डवरून जाते. प्रोबचे शंभराने भागणे फक्त टोकाकडे असते, क्लिपकडे काहीच नसते. एमसीबी पडायला काही मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात यूएसबीच्या केसासारख्या पट्ट्या जळून गेलेल्या असतात आणि क्लिपचे दात वितळलेले.

क्लिप न्यूट्रलवर लावली तर? न्यूट्रल डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपाशी, जमिनीत गाडलेलाच असतो, मग काय बिघडणार, असे वाटणे साहजिक आहे. पण डीपी दूर असते, मधल्या तारेतून करंट वाहत असतो आणि त्यामुळे शेतातला किंवा घरातला न्यूट्रल जमिनीपेक्षा एक-दोन व्होल्ट वर असतो. दोन व्होल्ट आणि वाटेत एकूण चार ओहम रोध धरला तरी अर्धा अँपिअर करंट न्यूट्रल सोडून लॅपटॉपमार्गे जमिनीत जाईल. घरात ३० मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडणारा आरसीसीबी असेल तर तो खटकन पडतो, आणि लोक आरसीसीबी खराब आहे असे ठरवतात.

सर्वांत फसवी जागा डीसीची. डीसीत उणे म्हणजे काळी तार आणि काळी तार म्हणजे शून्य, हे समीकरण शाळेतल्या सेलच्या प्रयोगापासून डोक्यात बसलेले असते. मोटारीचा वेग बदलणाऱ्या थ्री-फेज व्हीएफडीच्या पोटात तिन्ही फेजांची वीज डायोडांमधून जाऊन सुमारे ५६० ते ५९० व्होल्ट डीसी बनते. या डीसीचे उणे टोक जमिनीच्या पातळीवर नसते. ते जमिनीच्या खाली सरासरी पावणेतीनशे-तीनशे व्होल्टांवर आणि अधिक टोक तेवढेच वर, असे झोके घेत असतात. त्या उणे टोकाला क्लिप लावणे म्हणजे डायोडामागच्या फेजलाच अर्थिंगला बांधणे.

सौर पॅनलांच्या रांगेत आणखी वेगळी तऱ्हा असते. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ मध्ये सुरू झाला. आता तर खानदेशात शेताशेतांत सौर पंपाची पॅनले दिसतात. अशी पॅनले एकामागे एक जोडली की शेकडो व्होल्ट होतात, आणि बऱ्याच रचनांमध्ये त्यांची दोन्ही टोके जमिनीपासून मुद्दाम सुटी ठेवलेली असतात. छपरावरच्या इन्व्हर्टरला तर ती सुटी आहेत की नाहीत हे रोज सकाळी सुरू होण्याआधी तपासायचे काम दिलेले असते. कुणी लॅपटॉपची क्लिप एका टोकाला लावली की इन्व्हर्टर इन्सुलेशनचा दोष दाखवून काम थांबवतो. तंत्रज्ञ पॅनलची केबल कुठे सोलली आहे ते शोधत गच्चीभर फिरतो, आणि दोष त्याच्याच लॅपटॉपमध्ये असतो.

यावर सर्रास दिला जाणारा सल्ला असा: चार्जर काढा आणि बॅटरीवर मोजा. चार-पाच व्होल्टांच्या सर्किटपुरता तो अगदी बरोबर आहे. जमिनीकडची वाट तुटते आणि लॅपटॉप मल्टिमीटरसारखा सुटा होतो. मल्टिमीटरसारखे प्लास्टिकचे कवच मात्र त्याला नसते. क्लिप फेजवर लागली की स्फोट होत नाही, पण लॅपटॉपचा प्रत्येक उघडा धातू फेज होऊन बसतो. यूएसबीचे कडे, एचडीएमआयचे सॉकेट, ॲल्युमिनियमची बॉडी, सगळे २३० व्होल्टांवर. पडदा शांतपणे सुंदर तरंग दाखवत असतो आणि कीबोर्डवर हात टेकणारा माणूस ओल्या शेतात उभा असतो. थ्री-पिनची जाड पिन कापणे किंवा टू-पिनचे जुगाड लावणे हे त्याच चुकीचे कायमस्वरूपी रूप.

मुळातच टू-पिन चार्जर असला तरी लॅपटॉप पुरता सुटा होत नाही. अनवाणी पाय शहाबादी फरशीवर असताना धातूच्या लॅपटॉपवरून बोट अलगद फिरवले तर बारीक मुंग्या येतात, हा अनुभव पुष्कळांचा आहे. ‘लॅपटॉप करंट मारतो’ म्हणून तो दुरुस्तीलाही जातो. त्यात बिघाड नसतो. चार्जरच्या आत विजेची बाजू आणि लॅपटॉपची बाजू यांच्यामध्ये एक छोटा कपॅसिटर मुद्दाम बसवलेला असतो. चार्जरच्या वेगवान स्विचिंगमधून निघणारा रेडिओ गोंगाट शोषणे हे त्याचे काम. तो २.२ नॅनोफॅरडचा असेल तर ५० हर्ट्झला त्याचा अडथळा साधारण साडेचौदा लाख ओहम होतो. म्हणजे पूर्ण २३० व्होल्ट धरले तरी गळती ०.१६ मिलिअँपिअरच्या आसपास राहते. टू-पिन उपकरणांसाठी आंतरराष्ट्रीय मानकाने आखलेली रेषा ०.२५ मिलिअँपिअर आहे. माणसाला यातून धोका नाही, पण मोकळ्या लॅपटॉपच्या सांगाड्यावर मल्टिमीटर लावला तर ८०, ९०, कधी ११० व्होल्ट एसी दिसतात.

माणसाला सोसणारी ही गळती सेन्सरला सोसतेच असे नाही. आधी सिग्नलची तार जोडली आणि ग्राउंड नंतर, तर कपॅसिटरमध्ये साठलेला तो ताण पहिल्या स्पर्शात नाजूक चिपमधून रिकामा होतो. म्हणून ग्राउंड आधी आणि सिग्नल नंतर हा क्रम, आणि काढताना उलटा.

वाटेच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे अर्थिंगच्या खड्ड्याला, खानदेशात विशेष महत्त्व आहे. मीठ, कोळसा आणि मधोमध जस्ताचा मुलामा दिलेला पाइप ही इथली जुनी पद्धत. अर्थिंगचे भारतीय मानक आयएस ३०४३ अशा पाइपची लांबी किमान अडीच मीटर सांगते. पाइप तोच असला तरी रोध मातीवर ठरतो. तापीकाठच्या ओल्या काळ्या मातीची रोधकता १० ओहम-मीटर धरली तर चार सेंटिमीटर जाडीच्या अडीच मीटर पाइपला साधारण ३.३ ओहम मिळतात. मुरमाड जमिनीची रोधकता १०० धरली की तोच पाइप ३३ ओहमवर जातो. साक्रीच्या माळावरचा किंवा सातपुड्याच्या उतारावरचा कातळ लागला तर शेकड्यात. त्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर चढतो, काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पाइपभोवतीची ओल उडून जाते. ‘खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओता’ हा वायरमनचा सल्ला म्हणूनच शास्त्रशुद्ध आहे.

३३ ओहमचा अर्थ काय, ते एका भागाकारात समजते. पंपाच्या बॉडीला फेज लागली तर या खड्ड्यातून जेमतेम ७ अँपिअर करंट जाईल. १६ अँपिअरचा एमसीबी त्याची दखलच घेणार नाही. पंपाची बॉडी, तिला जोडलेली अर्थिंगची तार आणि त्या तारेवर अवलंबून असलेला लॅपटॉप, तिघेही जिवंत राहतील. हे काम ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीचेच आहे.

याहून वाईट स्थिती म्हणजे तिसरे भोक आहे, पण त्याच्या मागे तारच नाही. जुन्या घरांत आणि शेतातल्या खोल्यांत असे बोर्ड अजून सापडतात. एक्स्टेन्शन बोर्डावर मात्र सगळी तिसरी भोके एकमेकांना जोडलेली असतात. मग लॅपटॉप, सोल्डरिंग गन आणि टेबलफॅन यांचे सांगाडे जमिनीशी न जोडता एकमेकांशीच जोडले जातात. प्रत्येकाची गळती एकत्र होते, आणि एकाच्या बॉडीला फेज लागली तर ती थेट लॅपटॉपच्या काळ्या क्लिपपर्यंत येते.

खड्डा उत्तम असला तरी एक अडचण उरते. जमीन हे एकच सपाट शून्य नाही. म्युनिकच्या कार्ल श्टाइनहाइल यांनी १८३८ मध्ये रेल्वेचे रूळ तारायंत्राच्या तारा म्हणून वापरून पाहिले. रुळांतला करंट जमिनीत झिरपतो असे त्यांच्या लक्षात आले, आणि त्यातूनच परतीच्या तारेऐवजी जमीन वापरायची कल्पना पुढे आली. भुसावळहून धावणाऱ्या गाड्यांना हा धडा रोज लागू पडतो. वरच्या तारेतले २५ हजार व्होल्ट इंजिनात आल्यावर करंट रुळांतून सबस्टेशनकडे परततो आणि त्यातला काही भाग मातीत उतरतो. रुळालगतच्या टेलिफोन केबलींमध्ये त्यामुळे नको ते व्होल्टेज निर्माण होऊ नये म्हणून रेल्वेला बूस्टर ट्रान्सफॉर्मर आणि वेगळी परतीची तार यांची योजना करावी लागते. करंट वाहत असलेल्या जमिनीत दोन ठिकाणची ‘शून्ये’ सारखी नसतात.

विहिरीवरचा सेन्सर विहिरीपाशी अर्थ केलेला आणि लॅपटॉप घरात अर्थ केलेला, अशा जोडणीत हाच प्रकार छोट्या प्रमाणात होतो. दोन खड्ड्यांमधला फरक सेन्सरच्या ग्राउंड तारेतून करंट ढकलतो. तंत्रज्ञांच्या भाषेत हा ग्राउंड लूप. दीड चौरस मिलिमीटर तांब्याच्या १० मीटर तारेला ०.१२ ओहम रोध असतो. तिच्यातून २०० मिलिअँपिअर वाहिले तर २४ मिलिव्होल्टांची भर पडते. एलएम३५ हा विद्यार्थ्यांचा लाडका तापमान सेन्सर एका अंशाला १० मिलिव्होल्ट देतो, म्हणजे जवळपास अडीच अंशांची चूक. करंट ५० हर्ट्झचा असल्याने ती चूक स्थिर नसते, आकडा वर-खाली नाचत राहतो. मल्टिमीटर मात्र त्याच जागी स्वच्छ आकडा दाखवतो, कारण तो सहसा विजेच्या पूर्ण आवर्तनांची, म्हणजे २० मिलिसेकंदांच्या पटींची, सरासरी घेतो. लॅपटॉप क्षणाक्षणाचे नमुने टिपतो. ‘मल्टिमीटर बरोबर, सॉफ्टवेअर चूक’ या तक्रारीचे मूळ अनेकदा इथे असते.

चटईच्या कारखान्यात प्रश्न आणखी बारीक होतो. प्लॅस्टिकचे दाणे वितळवणाऱ्या बॅरलवर हीटरचे पट्टे आणि थर्मोकपल शेजारी शेजारी बसलेले असतात. के-प्रकारचा थर्मोकपल एका अंशाला फक्त ४१ मायक्रोव्होल्ट देतो. एका मिलिव्होल्टाची घुसखोरी झाली की २४ अंशांचा घोटाळा. काही थर्मोकपलांचा सांधा धातूच्या नळीलाच जोडलेला असतो, कारण त्याने तापमान लवकर कळते. अशा सांध्यातून हीटरची गळती सरळ लॅपटॉपकडे वळते. सांधा नळीपासून सुटा असलेला थर्मोकपल थोडा मंद असतो, पण ही वाट तो बंद करतो.

पाण्यातली मोजणी सर्वांत खोडकर. वाकोदच्या भवरलाल जैन यांच्या उद्योगामुळे जळगावचे नाव ठिबक सिंचनाशी कायमचे जोडले गेले. ठिबकबरोबर विद्राव्य खते आली, आणि खतांबरोबर टाकीतल्या द्रावणाचा सामू व क्षारता मोजणारे प्रोब. सामूच्या प्रोबमधून एका अंकाला जेमतेम ५९ मिलिव्होल्ट मिळतात आणि त्याच्या काचेचा रोध कोट्यवधी ओहममध्ये असतो. बादलीत सामू ६.५ दाखवणारा प्रोब टाकीत घातल्यावर ६ किंवा ७ दाखवतो. पंप बंद केला की पुन्हा ६.५. मोटारीची किंचित गळती किंवा क्षारतेच्या प्रोबचा करंट पाण्यातून सामूच्या प्रोबमध्ये शिरतो आणि लॅपटॉपच्या यूएसबीतून अर्थिंगला जातो. ३० मिलिव्होल्टांची ढवळाढवळ अर्धा अंक खायला पुरते. प्रोब मात्र पुन्हा पुन्हा कॅलिब्रेट होत राहतो.

या सगळ्यांवरचा इलाज एकच आहे, रूपे वेगळी: लॅपटॉप आणि मोजायची वस्तू यांच्यामधली धातूची वाट तोडायची, माहिती मात्र जाऊ द्यायची. ऑप्टोकपलरमध्ये माहिती प्रकाशाने पलीकडे जाते. करंट ट्रान्सफॉर्मर किंवा क्लॅम्पमध्ये चुंबकीय क्षेत्राने, तारेला न शिवता. ईएसपी३२ सारखे बॅटरीवरचे मोड्यूल वायफायने आकडे पाठवते, तेव्हा विहीर आणि घर यांच्यात तारच उरत नाही. यूएसबी आयसोलेटर हा प्रयोगशाळेतला सोपा उपाय. त्यातली एडीयूएम४१६० ही प्रचलित चिप सेकंदाला १२ मेगाबिटपर्यंतच चालते, त्यामुळे आर्डुइनोला ती पुरते, वेगवान स्कोपला नाही. शिवाय आयसोलेटर लॅपटॉपला वाचवतो, पलीकडच्या बोर्डाला नाही. क्लिप फेजवर गेली तर तो बोर्ड आणि त्याचे सॉकेट फेजवर जाणारच.

स्टार्टर आणि व्हीएफडीसाठी म्हणून वेगळे अवजार लागते, डिफरन्शियल प्रोब. तिची दोन्ही टोके सारखी असतात, एकही जमिनीला बांधलेले नसते. थ्री-फेज पॅनलसाठी तिच्यावर कॅट-३ ही सुरक्षा-श्रेणी आणि ६०० व्होल्ट असे लिहिलेले असावे लागते. ती हाताशी नसेल तर दोन चॅनेलवर दोन शंभरपटी प्रोब लावून, दोन्ही काळ्या क्लिपा मोकळ्या ठेवून, सॉफ्टवेअरमध्ये एकातून दुसरा वजा करता येतो. मात्र त्या प्रोबही ६०० व्होल्ट सोसणाऱ्या हव्यात. आणि इमारतीची अर्थिंग खरोखर काम करत असेल, तरच.

काळी क्लिप लावण्याआधीची तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे. लॅपटॉप जसा वापरायचा तसाच ठेवायचा, चार्जरसह. मल्टिमीटरची एक प्रोब काळ्या क्लिपला लावायची आणि दुसरी त्या जागेला, जिथे क्लिप बसणार आहे. आधी एसी पाहायचे, मग डीसी. दोन्हीकडे व्होल्टाचा अंशच दिसला तर क्लिप बसू शकते. दोन-तीन व्होल्ट दिसले तर वाटेत आयसोलेटर हवा. ८०-९० व्होल्ट एसी दिसले आणि चार्जर काढताच ते गेले, तर ती कपॅसिटरची गळती, आणि सेन्सरची जोडणी करेपर्यंत चार्जर बाहेरच ठेवलेला बरा. आकडा २३० च्या जवळपास असला किंवा डीसीवर शेकड्यात गेला, तर लॅपटॉप पिशवीत घालायचा आणि डिफरन्शियल प्रोब येईपर्यंत काम मल्टिमीटरवर चालवायचे.